शत्रूची पंगत

आजचं वाचन: २ राजे ६:८–२४
सोबत वाचा: मत्तय ५:३८–४८ आणि लूक ३:१४



राजांच्या पुस्तकांचं आपलं वाचन आज अशा जागी आलंय, जिथे बरेच जण थोडं हसतात आणि पुढे जातात. आंधळं झालेलं सैन्य, त्याला हाताला धरून नेणारा संदेष्टा आणि शेवटी जेवणावळ. संडे स्कूलला फळ्यावर चित्र काढून शिकवायला छान गोष्ट आहे. पण आज ती मोठ्या माणसांसारखी वाचू या. युद्धाबद्दल ख्रिस्ती माणसाने काय म्हणावं, हा प्रश्न आपल्या ग्रुपवर मे २०२५ पासून अधूनमधून येतोय आणि दर वेळी कोणीतरी विषय बदलतं.

आठवतंय ना? २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यातले सहा जण आपल्या महाराष्ट्रातले, सुट्टीवर गेलेले. मग ७ ते १० मे या चार दिवसांत सगळ्यांचे फोन नकाशे आणि व्हिडिओंनी भरून गेले. तेव्हा ग्रुपवर एका मुलीने विचारलं होतं की आज संध्याकाळच्या प्रार्थनेत शत्रूंसाठी प्रार्थना करायची का. कोणीच उत्तर दिलं नाही. आजचं मनन तिच्या प्रश्नासाठी.

१. काय घडतं?

अरामाचा राजा इस्राएलवर छापे घालतोय. तो दबा धरायची जागा ठरवतो आणि दर वेळी इस्राएलचा राजा नेमका तिथून जायचं टाळतो. अरामाच्या राजाला वाटतं, आपल्यातलाच कोणीतरी फुटलाय. मग त्याला कळतं की त्याच्या झोपायच्या खोलीत बोललेलंही अलीशा संदेष्ट्याला समजतं. तो रातोरात दोथानला घोडे, रथ आणि सैन्य पाठवून गावाला वेढा घालतो.

सकाळी अलीशाचा चाकर उठून बाहेर बघतो आणि घाबरतो. अलीशा त्याच्यासाठी प्रार्थना करतो, तेव्हा त्याला दिसतं की डोंगर अग्नीच्या घोड्यांनी आणि रथांनी भरलाय. आता इथे थांबा. कुठल्याही सिनेमात पुढचा सीन काय असता? ते रथ खाली उतरले असते. इथे ते उतरतच नाहीत. अख्ख्या अध्यायात ते कोणाला बोटही लावत नाहीत. अलीशा मागतो ते एवढंच, की या सैनिकांना दिसेनासं व्हावं. मग तोच त्यांना वाट दाखवत शोमरोनात, थेट इस्राएलच्या राजापुढे नेऊन उभं करतो.

राजाला तर लॉटरीच लागली. तो एकदा नाही, दोनदा विचारतो की यांना मारू का. अलीशा नाही म्हणतो. त्याचं कारण साधं आहे: जे हातात सापडलेत त्यांना कोणी मारतं का? त्यांना भाकर-पाणी दे आणि त्यांच्या धन्याकडे परत पाठव. राजा भाकर-पाण्यावर थांबत नाही, मोठी मेजवानीच देतो. ते जेवतात, घरी जातात आणि अरामाच्या टोळ्या यायच्या बंद होतात.

२. माहिती असणं आणि मारणं

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे माझी नजर वेगळ्याच गोष्टीवर जाते. या कथेत सगळ्यात मोठं शस्त्र कोणतं? माहिती. शत्रूची गुप्त बैठक अलीशाला ऐकू येते. आजच्या भाषेत त्याच्याकडे पूर्ण डेटा आहे, तोही लाइव्ह. त्या डेटाचं तो काय करतो ते पाहा. तो राजाला सावध करतो: तिथून जाऊ नको. शत्रू कुठे झोपतो ते त्याला माहीत आहे, पण तिथे माणसं पाठवून त्याचा गळा काप, असं तो एकदाही सुचवत नाही. त्याच्या माहितीने दोन्ही बाजूंची माणसं वाचतात. दबा रिकामा जातो आणि लढाईच होत नाही.

म्हणजे अलीशा निष्क्रिय नाही. युद्धाला नाही म्हणणारा माणूस हात बांधून बसतो, हा आपला गैरसमज आहे. डोंगरावरच्या प्रवचनातही प्रभू तेच शिकवतो. रोमी शिपाई यहुदी माणसाला धरून सक्तीने एक मैल ओझं वाहायला लावू शकत असे. प्रभू म्हणतो, आणखी एक मैल जा. पहिला मैल शिपायाचा हुकूम असतो, दुसरा मैल तुझी निवड. दुसऱ्या मैलाला ओझं तेच असतं, पण तू आता वेठबिगार नसतोस आणि शिपायाला तुझ्याकडे माणूस म्हणून बघावंच लागतं.

३. चोविसावं वचन

बहुतेक प्रवचनं तेविसाव्या वचनावर संपतात. टोळ्या आल्या नाहीत, आमेन. पण लगेच चोविसाव्यात काय आहे? काही काळाने अरामाचा राजा बेनहदाद सगळं सैन्य गोळा करतो आणि शोमरोनलाच वेढा घालतो. ज्या शहराने जेवू घातलं त्याच शहरात आता दुष्काळ पडतो, गाढवाचं मुंडकं चांदी मोजून विकलं जातं. पुढचं तर वाचवत नाही.

मला पवित्र शास्त्राचा हा प्रामाणिकपणा फार महत्त्वाचा वाटतो. शत्रूला जेवू घाला म्हणजे तो कायमचा सुधारेल, अशी गॅरंटी शास्त्र देत नाही. प्रीती हा हमखास चालणारा फॉर्म्युला असता, तर ती पाळायला विश्वास लागलाच नसता. प्रभू येशूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात शत्रूवर प्रीती करायचं कारण सांगितलंय, ते फायद्याचं नाही. स्वर्गीय पिता वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच पाऊस पाडतो आणि आपण त्याची मुलं आहोत. कारण एवढंच. ज्याने हे सांगितलं तो स्वतः वधस्तंभावर गेला. तेव्हा "पण याने काम होतं का?" हा आपला पहिला प्रश्न असला, तरी त्याचा पहिला प्रश्न तो नाही.

४. मंडळीने हे कसं वाचलं

पहिल्या तीनशे वर्षांत ख्रिस्ती लोक सैन्याकडे साशंक नजरेनेच बघत. तर्तुलियनाने लिहिलं की पेत्राच्या हातातली तलवार काढून घेताना प्रभूने प्रत्येक शिपायाचीच तलवार काढून घेतली. तरीही सैन्यात ख्रिस्ती होतेच. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत तेबेस्सा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने भरतीला नकार दिला. अधिकाऱ्याने त्याला सांगितलं की अरे, सम्राटाच्या पलटणीत तुझ्या धर्माचे लोक आहेत की! त्यावर त्याचं म्हणणं होतं की त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांचं त्यांना ठाऊक, माझं मला ठाऊक. त्याचं शिर उडवण्यात आलं. त्याने स्वतः जीव दिला, पण जे सैन्यात होते त्यांना शिव्या दिल्या नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइननंतर चित्र पालटलं. राज्यच ख्रिस्ती झालं आणि न्याय्य युद्ध कोणतं याचे नियम लिहिले जाऊ लागले. ऑगस्टीनने त्याचा पाया घातला. मनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन अशा काही मंडळ्यांनी मात्र जुनी वाट सोडली नाही. यातल्या ब्रदरन लोकांचं मिशन आपल्या डहाणूपर्यंत आलं होतं. त्यांचं हॉस्पिटल तिथल्या लोकांना माहीत असतं, पण ही मंडळी युद्धात भाग न घेणारी म्हणून ओळखली जाते हे किती जणांना ठाऊक असेल?

आणि मग १९१४. युरोपात दोन्ही बाजूंना बाप्तिस्मा घेतलेली माणसं. जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बकलवरच देव आमच्यासोबत आहे असं कोरलेलं. समोरच्या खंदकातही रविवारी तीच प्रभूची प्रार्थना. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि १९१६ मध्ये कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. म्हणजे ख्रिस्ती राजांच्या भांडणात साताऱ्या-कोकणातली शेतकऱ्यांची पोरं.

५. वर्ध्याचा हिशेबनीस

हा सगळा विरोधाभास एका भारतीय ख्रिस्ती माणसाने नीट मांडला. त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा. पूर्ण नाव जोसेफ कॉर्नेलियस. प्रेषितांच्या दहाव्या अध्यायातल्या शताधिपतीचं नाव या युद्धविरोधी माणसाला होतं, गंमतच आहे. जन्म १८९२, तंजावरचा. लंडनमध्ये हिशेब तपासनीसाचं शिक्षण घेतलं, मुंबईत ऑडिटचा व्यवसाय केला, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये गांधीजींना भेटले. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. १९४२ च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे.

एकाच कोठडीत एकाच माणसाने ही दोन पुस्तकं का लिहिली असतील? मला वाटतं, ती मुळात एकाच विषयाची आहेत. कुमारप्पा ऑडिटर होते. ऑडिटर बिलावरचा आकडा बघून थांबत नाही, पैसा कुठून आला ते शोधत मागे जातो. त्यांनी युद्धाचं तसं ऑडिट केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तूच्या किमतीत फक्त पैसा नसतो, ती कशी बनली याचा नैतिक हिशेबही असतो. लांबच्या देशातला कच्चा माल हवा, लांबची बाजारपेठ हवी, म्हणून समुद्रमार्ग ताब्यात हवे, म्हणून आरमार हवं, म्हणून युद्ध. कोळसा, पेट्रोल यांसारखे साठे मर्यादित असतात, म्हणून त्यांच्यावर चालणारं जग आज ना उद्या भांडणारच. त्यामुळे तोफ डागणारा एकटा जबाबदार नाही. त्या साखळीच्या शेवटी बसून स्वस्त माल घेणारा मीसुद्धा आहे. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर चालणारा कंदील तयार केला गेला, त्यामागे हा विचार होता.

हे पुस्तकी वाटत असेल, तर आमच्या तालुक्यात या. मी हे जामसंड्यातून लिहितोय. इथून विजयदुर्ग काही फार लांब नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचे सैनिक तिथे आले. तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, किल्ला पडला, लूट वाटून घेतली गेली. भांडण कशावरून होतं? समुद्रावरून कोणाची जहाजं कोणाच्या परवान्याने जाणार यावरून. कुमारप्पांचं गणित इथल्या खाडीच्या तोंडाशीच सुटलेलं आहे.

आणखी एक गोष्ट देवगडकरांना लगेच पटेल. कुमारप्पांनी निसर्गातल्या जगण्याच्या रीतींचे पाच प्रकार सांगितले. त्यातली एक रीत ओरबाडण्याची, आणि तिचं उदाहरण आंब्याच्या बागेत शिरणारं माकड. त्याने खड्डा खणला नाही, झाड लावलं नाही, पाणी घातलं नाही, पण आंबे खाल्ले. हापूसच्या सीझनमध्ये इथल्या बागायतदाराला हे उदाहरण समजावून सांगायची गरज नाही! सगळ्यात वरची रीत सेवेची, पिल्लाला भरवणाऱ्या पक्षिणीसारखी, जी परतफेड मोजत नाही. आता आजची कथा परत वाचा. अरामाच्या टोळ्या माकडाच्या रीतीने येतात. अलीशा त्यांना पक्षिणीच्या रीतीने जेवू घालतो.

त्याच वर्ध्याजवळ, पवनारला, १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. गीता मराठीत आणणारा माणूस पहिला युद्धविरोधी सत्याग्रही ठरला. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरातले शांतिवादी सेवाग्रामला जमले. ही सभा गांधीजी असतानाच ठरली होती, झाली त्यांच्या हत्येनंतर. इंग्लंडहून आलेल्या व्हेरा ब्रिटन यांचा होणारा नवरा आणि भाऊ दोघेही पहिल्या महायुद्धात गेले होते. हा विषय त्या पुस्तकांतून शिकल्या नव्हत्या.

६. शेजारच्या काकांचा प्रश्न

आता अवघड भाग. आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा सैन्यात आहे, सध्या उत्तरेकडे उंचावर. मी या विषयावर वाचतोय हे कळल्यावर काका अंगणातूनच म्हणाले, "अरे, तू हय पंख्याखाली बसान वाचतंस. माझो झील थंय बर्फात उभो आसा. तेच्यासाठी काय लिवलला आसा तुझ्या पुस्तकात?"

या प्रश्नाला शहाणपणाचं उत्तर देऊन मोकळं होता येत नाही. त्या मुलाच्या पहाऱ्यामुळे मी निवांत झोपतो, हे खरंच आहे. दुसऱ्याच्या पोराला बर्फात उभं करून स्वतःचे हात स्वच्छ ठेवणारी अहिंसा कुमारप्पांच्या भाषेत माकडाचीच रीत होईल.

मग पुस्तकात काय आहे? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावं असं त्यांनी विचारलं. त्याने त्यांना हाकललं नाही. कोणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधानी राहा, असं सांगितलं. प्रभूने एका शताधिपतीचा विश्वास पाहून आश्चर्य केलं. शास्त्रात शिपायाबद्दल तुच्छता कुठेच नाही. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. वय २२, जुलै १९४४ मध्ये इटलीत ते पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्या पुतळ्यासमोर ज्याला काहीच वाटत नाही, त्याची अहिंसा मला नको.

पण शिपायाचा मान राखणं वेगळं आणि युद्धाची भक्ती करणं वेगळं. मोबाइलवर स्फोटाचा व्हिडिओ बघून टाळ्यांचे इमोजी टाकणारे बहुतेक वेळा आपल्यासारखे घरी बसलेलेच असतात. मुलाची सुट्टी मंजूर झाली का, हे रोज बघणारे काका तसं कधी करत नाहीत. मी काकांना एवढंच म्हटलं की मी रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतो, आणि त्याच्यावर कधी गोळी झाडायची वेळच येऊ नये अशी करतो. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मुलाची जन्मतारीख सांगितली, प्रार्थनेत लागत असेल तर.

७. माझ्या टेबलावरचा प्रश्न

गेल्या महिन्यात माझ्या कंपनीत एक नवा प्रोजेक्ट आला. ड्रोनच्या व्हिडिओतून माणसं आणि गाड्या ओळखायच्या आणि त्यांची जागा शस्त्र चालवणाऱ्या यंत्रणेला द्यायची. मला टीम लीड व्हायचं का, असं विचारलं. पगारवाढ चांगली होती. घराचं कर्ज आहे, मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल. बायकोशी दोन रात्री बोललो.

मला निर्णयाला मदत झाली ती अलीशाची. त्याच्याकडेही शत्रूची जागा दाखवणारी माहिती होती. ती सावध करायला वापरायची की मारायला, हा फरक त्याने शेवटपर्यंत धरून ठेवला. मी मॅनेजरला लिहून दिलं की वादळाचा इशारा, हरवलेल्या बोटींचा शोध, सायबर सुरक्षा, यातलं काहीही द्या, रात्र रात्र बसेन. माणूस हेरून त्याला निशाण्यावर घेणारा कोड मात्र मी लिहिणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. लीडची जागा दुसऱ्याला मिळाली. अप्रेझलचं काय होईल ते मार्चमध्ये कळेल.

यामुळे माझा हिशेब स्वच्छ झाला, असं मी म्हणत नाही. माझा कर संरक्षण खात्यालाही जातो, आणि माझी आधीची एखादी लायब्ररी कोणीही कुठेही वापरू शकतं. कुमारप्पांच्या ऑडिटमधून कोणीच पूर्ण सुटत नाही. पण सगळं सोडता येत नाही म्हणून काहीच सोडायचं नाही, हे बरोबर नाही. जिथे माझी सही लागते तिथे तरी मला हो किंवा नाही म्हणता येतं. तुमच्यातला कोणी तो प्रोजेक्ट प्रार्थनापूर्वक घेईलही. मॅक्सिमिलियनसारखंच म्हणतो, तुमचं तुम्हाला ठाऊक. फक्त विचार न करता घेऊ नका.

मननासाठी

• अलीशाच्या जागी तुम्ही असता आणि समोर हातात सापडलेला शत्रू असता, तर राजाला काय सांगितलं असतं?
• तुमच्या कामाच्या साखळीत तुमच्या आधी आणि तुमच्यानंतर कोण आहे? एकदा कागदावर लिहून काढा.
• सैन्यातल्या एखाद्या ओळखीच्या माणसासाठी आज नाव घेऊन प्रार्थना करा. नंतर सीमेपलीकडच्या, नाव माहीत नसलेल्या एका आईसाठी करा. दुसरी प्रार्थना जड जाईल. तरी करा.

प्रार्थना

हे पित्या, आमचे डोळे उघड. आम्हाला आधी सैन्यच दिसतं, आणि सैन्याच्या आत असलेली भुकेली माणसं दिसत नाहीत. पहलगामला ज्यांची माणसं गेली त्यांना तू जवळ घे. बर्फात उभ्या असलेल्या मुलांना सांभाळ, या बाजूच्या आणि त्या बाजूच्याही. आमच्या हातून जे बनतं, त्याने कोणाच्या घरात अंधार होऊ नये. चोविसावं वचन आलं तरी तेविसाव्याची लाज वाटू नये, एवढा विश्वास आम्हाला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: २ राजे ७. त्याच वेढ्याचा शेवट. वेढा कसा उठतो आणि ती बातमी शहरात कोण आणतं, ते नीट बघा. तिथेही तलवार चालत नाही.